पाहुणे उठल्याशिवाय

लग्नाच्या दिवशी नवरीनं कामावर येऊ नये, असा नियम कुठल्याही कार्यालयात नसतो. संगणक केंद्राच्या साहेबांनी तो शोधून पाहिला होता, सापडला नव्हता, आणि त्यामुळे त्यांचं मन अगदी स्वच्छ होतं.

"तशीही तू शनिवारी रजेवरच आहेस," ते म्हणाले. "म्हणजे दुसरं काही काम नसणारच तुला. लग्न साडेतीनला ना? जाता जाता मशीन बंद कर आणि मग हो मोकळी."

एवढं बोलून साहेब मेहुण्याच्या गावी गेले. तिथं फोन लागत नाही, हे त्यांनी निघण्यापूर्वीच सगळ्यांना फोन करून कळवलं होतं.

जिच्यावर हे काम पडलं तिला केंद्रात हळूबाई म्हणत. हे नाव चालण्यावरून पडलेलं नव्हतं. चालायला ती चांगली तुरतुरीत होती. ते पडलं होतं तिच्या मशीन बंद करण्याच्या रीतीवरून. शहरातल्या झाडून सगळ्या खात्यांचा कारभार एकाच मेनफ्रेमवर चालायचा. मेनफ्रेम म्हणजे माणसाहून उंच, काळंकुळकुळीत, सदा फुरफुरणारं एक कपाट. त्याच्या पोटात चाळीसेक व्हर्च्युअल मशीनं नांदत होती. पाणीपट्टीचं एक, ग्रंथालयाचं एक, जन्म-मृत्यूचं एक, कुत्र्यांच्या परवान्यांचंसुद्धा एक. ही मशीनं प्रत्यक्षात कुठंच नव्हती, पण तसं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे हे अख्खं कपाट आपल्या एकट्याच्या मालकीचं आहे अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती, आणि सगळी सुखात होती. केंद्रातले लोक कपाटाला यजमान म्हणत आणि आतल्यांना पाहुणे.

यजमानाला बंद करायच्या रीती दोन. पहिली अशी, की आधी प्रत्येक पाहुण्याला निरोप द्यायचा: चला, आवरतं घ्या. पाहुणा हातातलं काम संपवतो, फायली मिटतो, जागच्या जागी ठेवतो आणि जातो. सगळे गेले की मग यजमानाला निजवायचं. दुसरी रीत अशी, की पाहुण्यांना काहीही न सांगता थेट यजमानाचाच गळा दाबायचा. ही फार जलद आहे. मागच्या वर्षी हळूबाई तापानं घरी पडलेली असताना एका धडाडीच्या सहकाऱ्यानं ती वापरून पाहिली. सोमवारी ग्रंथालयाची सगळी पुस्तकं एका निवृत्त पोस्टमनच्या नावावर निघाली, आणि त्याला तर वाचनाचा तिटकारा होता. कुत्र्यांचे परवाने जन्माच्या दाखल्यांत मिसळले, आणि बऱ्याच सभ्य कुटुंबांना बाळाला साखळीशिवाय बाहेर न नेण्याची ताकीद गेली. पाणीपट्टी खात्यानं नदीला नोटीस काढली. धडाडीच्या सहकाऱ्याला बढती मिळाली, आणि मशीन बंद करायचं ते हळूबाईनंच असा अलिखित ठराव झाला.

या ठरावापायी हळूबाईचं लग्न दोनदा पुढं गेलं होतं. दोन्ही वेळा मशीननं ऐन मोक्याला आजार काढला होता. आता तिसरी तारीख होती, आणि नवरदेवाच्या मातोश्रींनी, म्हणजे व्हायच्या सासूबाईंनी, स्पष्ट सांगून टाकलं होतं:

"आज झालं तर झालं. नाहीतर मी मुलाला दुसरी मुलगी दाखवणार. बघून ठेवलीय. शाळेत शिकवते, पाचच्या आत घरी असते, आणि तिच्या शाळेत एकही कपाट असं नाही की जे तिला सुटीच्या दिवशी बोलावून घेतं."

नवरदेव दंतवैद्य होता. दोघांची ओळख त्याच्या खुर्चीतच झालेली. दाढ काढावी लागेल असं तो म्हणाला, तेव्हा हळूबाईनं विचारलं होतं, "शेजारच्या दातांना कल्पना दिलीत का?" त्यानं चिमटा खाली ठेवला आणि तो प्रेमात पडला. ती दाढ अजून आहे.

तर शनिवार. चार वाजता इमारतीची वीज जाणार होती, कारण वीज गेली की जिच्यावर मशीन तग धरतं ती बॅटरीच बदलायची होती, आणि तिच्यासोबत तळमजल्यावरचा मोठा स्विच. म्हणजे चारला वीज गेली की मागं आधार काही नाही. हळूबाईनं मनाशी हिशेब केला होता: खाती दुपारपर्यंत बंद होतात, जेवून यायचं, पाहुण्यांना निरोप द्यायचा, तासाभरात सगळे गेले की यजमान बंद, आणि लग्नाला वेळेवर हजर. नेसूनसवरून ती मशीनला हुकूम सोडायच्या कन्सोलसमोर बसली. केसांत फुलं, अंगावर रेशमी वस्त्रं आणि त्यावर केंद्राचा करडा स्वेटर, कारण मशीनच्या खोलीत वातानुकूलन असं की तिथं दूध ठेवलं तर आठवडाभर टिकावं.

तिनं निरोप सोडला. स्क्रीनवरच्या यादीतून एकेक नाव गळू लागलं. पाणीपट्टी लगेच गेली. कुत्र्यांचे परवाने गेले. ग्रंथालय आपल्या स्वभावाप्रमाणे पाय न वाजवता गेलं. जन्म-मृत्यूनं थोडा वेळ घेतला, पण त्या खात्यात घाई करून चालतही नाही.

तीनच्या सुमाराला दार उघडलं आणि वऱ्हाड आत आलं. ती अजून बाहेर कशी येत नाही म्हणून तिला न्यायलाच आलं होतं. वऱ्हाड म्हणजे दंतवैद्य, सासूबाई, आणि हळूबाईचे मामा. त्यांच्यामागून वायरमन, हातात टेस्टर घेऊन. तो वऱ्हाडातला नव्हता, पण दार उघडं दिसलं आणि आत गार होतं.

"झालं का गं?" मामा ओरडले. त्या खोलीत सगळ्यांना ओरडावंच लागायचं. मशीनचे पंखे असे घोंगावत की शेजारच्याशी बोलणंही भांडणासारखं वाटे.

"होतंय, मामा! थोडेच राहिलेत!"

मामांची सगळी नोकरी बस आगारात नियंत्रक म्हणून गेली होती. शिट्टी मारून बस हाकलणं हे त्यांचं काम. आत माणसं बसली आहेत की नाही हा प्रश्न त्यांनी तीस वर्षांत एकदाही मनात येऊ दिला नव्हता. "राहिलेत कसले! दे की शिट्टी!" ते म्हणाले. "एक बटण असेल ना कुठंतरी?"

"आहे. पण ते दाबायचं नसतं."

"मग बसवलंय कशाला?"

सासूबाई मात्र हळूबाईच्या पाठीमागं उभ्या राहून स्क्रीनकडे बघत होत्या. चेहरा असा, की जणू मुलाच्या खिशात दुसऱ्या कुणाचा फोटो सापडलाय.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"पाहुण्यांना निरोप दिलाय, आई. आपापलं आवरून निघताहेत. हे बघा, बाजार खातं निघालं."

यादीतलं एक नाव नाहीसं झालं.

"गेलं?"

"गेलं."

"आणि हे खालचं?"

"ते उद्यान खातं. त्याला नेहमीच वेळ लागतो. सगळी झाडं मोजून मग उठतं."

सासूबाईंनी चष्मा लावला. थोड्या वेळानं त्यांनी आपणहून जाहीर केलं, "उद्यान गेलं!" मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं. दिवाबत्ती गेली, अग्निशमन गेलं, घरपट्टीला त्यांनी "ऊठ मेले, किती वेळ" असा अहेर दिला आणि तीही गेली. दंतवैद्यानं आईला असं रंगलेलं याआधी फक्त दुसऱ्यांच्या घटस्फोटात पाहिलं होतं.

"आणि ऐकलंच नाही एखाद्यानं, तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर त्याला विचारायचं, काय राहिलंय."

"आणि तरीही नाही उठला, तर?"

"तर थांबायचं. कुणी उगाच नाही बसून राहत, आई."

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

साडेतीनला थोडा वेळ होता तेव्हा यादीत एकच नाव उरलं. ते काही केल्या गळेना. हळूबाईनं पुन्हा निरोप दिला. उत्तर आलं की काम चालू आहे. आणखी एकदा निरोप दिला. काम चालू आहे.

"हा कोण?" दंतवैद्यानं विचारलं.

"हा नवीन आहे. मी याला चिकट म्हणते. गेल्या महिन्यात आलाय."

"पण आहे कोणत्या खात्याचा?"

हळूबाई थोडी ओशाळली. पाहुणा कधी आला, किती जागा खातो, कसा झोपतो हे तिला प्रत्येकाचं पाठ होतं. पण तो आत करतो काय, हे विचारणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. यजमानानं पाहुण्याच्या पेटीत डोकावू नये. "ते नाही माहीत," ती म्हणाली.

"कमाल आहे तुझी!" मामा गरजले. "ओळख ना पाळख, आणि त्याच्यासाठी स्वतःचं लग्न अडवून बसलीस! ढकल त्याला बाहेर."

"ढकलता येतं, मामा. एक शब्द टाइप केला की झालं. पण तो काहीतरी अर्धवट लिहीत बसलाय. मध्येच ढकललं तर ते अर्धवटच राहील. कुणाचं काय असेल कोण जाणे."

"चारला मी नाही, तर वीज ढकलणारच आहे त्याला," वायरमन म्हणाला. तो एव्हाना गार वाऱ्याच्या झोतात पाय पसरून बसला होता. "इथला स्विच माझ्या हातात आहे हो, पण त्याआधी तिकडून, उपकेंद्रातून, आमचा भाऊ मेन ओढणार. तो घड्याळ बघून ओढतो, माणसं बघून नाही."

हळूबाईनं चिकटवर नेमकं कोण बसलंय ते शोधलं. कुणाचा तरी स्क्रीन चालू होता आणि शेजारी एक फोन नंबर होता. तिनं तो फिरवला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"विवाह नोंदणी," पलीकडून एक संथ आवाज आला. "रजिस्ट्रार बोलतोय."

खोलीतलं वऱ्हाड एकमेकांकडे बघू लागलं.

"साहेब, संगणक केंद्रातून बोलतेय," हळूबाई म्हणाली. "तुमचा स्क्रीन चालू दिसतोय. मशीन चारला बंद होणार, ही सूचना आली असेल तुम्हाला."

"आली ना. वाचली. म्हणून तर मी साडेतीनच्या लग्नाची नोंद आधीच उघडून, अर्धी भरून तयार ठेवलीय. मंडळींचा खोळंबा नको. पण मंडळीच आलेली नाहीत! हल्ली लोकांना स्वतःच्या लग्नाचंसुद्धा गांभीर्य उरलेलं नाही, बाई."

"साहेब, साडेतीनची मुलगी मीच आहे."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मग तुम्ही तिथं काय करताय?"

"तुमची नोंद बंद व्हायची वाट बघतेय."

"आणि मी तुमची वाट बघतोय, म्हणून ती बंद करत नाही."

ही परिस्थिती दोघांनीही समजूतदारपणे ऐकून घेतली.

"पण साहेब, तुम्ही तर लग्नं वहीत लिहिता ना? त्या जाड, लाल पाठीच्या?"

"लिहायचो. गेल्या महिन्यापासून संगणकावर आणलंय. तुमच्याच केंद्रानं बसवून दिलंय. जलद होतं म्हणाले."

दंतवैद्यानं दोन्ही हातांनी आपला जबडा धरला. तिकडे जाऊन, लग्न करून परत यायचं म्हटलं तर चार वाजून जाणार होते, आणि मशीन अंधारात, पाहुण्यासकट. न जाता मशीन बंद करावं तर लग्न नोंदवायला मशीनच नाही. म्हणजे हळूबाईनं ठरवल्याप्रमाणे सगळं सुरळीत पार पडलं असतं, तर ती आपलं लग्न स्वतःच्या हातानं शिस्तशीर बंद करून, नटूनथटून, वेळेवर, रजिस्ट्रारच्या काळ्या स्क्रीनसमोर जाऊन उभी राहिली असती.

"साहेब, ती नोंद तात्पुरती मिटता येईल का?"

"मिटता येत नाही. नोंद एकतर पूर्ण होते, नाहीतर रद्द. रद्द केली तर नव्यानं नोटीस, महिनाभर ती फलकावर, आणि मग नवी तारीख. लग्नात अर्धवट असा प्रकार आमच्याकडे नाही."

"महिना?" सासूबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात ती शाळेतली शिक्षिका, तिचं पाचच्या आत घरी येणं, सगळं होतं.

"आणि मी याला इथून ढकललं, तर?" हळूबाई स्वतःशीच पण मोठ्यानं म्हणाली. "साहेब, अर्धी म्हणजे नेमकं काय भरलंय?"

"वराचं सगळं भरून झालंय. वधू आल्यावर बघू म्हटलं."

"म्हणजे सोमवारी मशीन चालू झालं की यांचं लग्न झालेलं दिसेल, फक्त कुणाशी ते दिसणार नाही."

"हे काही मला चालणार नाही," दंतवैद्य म्हणाला.

"मला चालेल," सासूबाई म्हणाल्या. "नाव नंतर घालता येईल."

हळूबाईचा हात कीबोर्डवर होता. वायरमननं खुर्ची जवळ ओढली. मामा ओठांशी शिट्टी असल्यासारखे ओठ करून उभे होते. ती क्षणभर अशी बसली, की जणू दोन दाढांपैकी कुठली काढायची ते तिनंच सांगायचंय, आणि मग फोनकडे वाकून म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे स्कूटर आहे का?"

"आहे. का?"

"आम्हाला तिकडे येऊन परत जायला वेळ नाही. पण तुम्हाला नुसतं यायला आहे. इथंच लावा लग्न."

"बाई, रजिस्ट्रारनं कार्यालय सोडायचं नसतं." पानं उलटल्याचा आवाज आला. "आता… दोन्ही पक्षांची इच्छा असेल तर 'अन्य वाजवी ठिकाणी' लावता येतं असं आहे खरं. पण तुमची जागा वाजवी आहे का?"

"थंड आहे, साहेब."

"थंड म्हणजे कितपत?"

"आम्ही स्वेटर घालून बसतो."

पलीकडून कागदानं वारा घेतल्याचा फडफडाट ऐकू आला.

"माझा पंखा मंगळवारपासून बंद आहे," रजिस्ट्रार हळव्या आवाजात म्हणाले. "जागा वाजवी वाटते. थांबा, निघतो. नोंद बंद करून येऊ ना?"

"नको!" खोलीतले सगळे एकदम ओरडले. वायरमनचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"नोंदीला हातच लावू नका," हळूबाई म्हणाली. "स्क्रीनवर कोपऱ्यात 'डिस्कनेक्ट' दिसतंय? ते दाबायचं. त्याच्या शेजारी 'लॉग ऑफ' आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही."

"दोन्हीत फरक काय?"

"पहिलं म्हणजे बोलता बोलता फोन टेबलावर ठेवून दारापर्यंत जाऊन येणं. दुसरं म्हणजे फोन आपटणं. तुम्ही पहिलं करा, इथं या, आणि आमच्या टर्मिनलवरून तोच फोन उचला. आत सगळं जिथल्या तिथं असेल."

"डिस… क… नेक्ट," रजिस्ट्रार वाचत होते. वऱ्हाडानं श्वास रोखला होता. सासूबाईंनी नकळत मामांचं मनगट धरलं होतं आणि मामांच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं. "दाबलं. अरे! सगळंच गेलं की हो! स्क्रीन कोरा!"

सगळ्यांनी हळूबाईकडे पाहिलं. हळूबाईनं यादीकडे पाहिलं. चिकट जागच्या जागी होता, कुठल्याच स्क्रीनशिवाय, पण जिवंत.

"या साहेब, लवकर या," ती म्हणाली.

रजिस्ट्रार आले तेव्हा चार वाजायला फार काही उरलं नव्हतं. उंच, घामाघूम, डोक्यावर हेल्मेट. आत शिरताच त्यांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. हेल्मेट काढायला कुणी सांगितलं नाही आणि त्यांना सुचलं नाही. हळूबाईनं त्यांना शेजारच्या टर्मिनलवर बसवलं, चिकटला पुन्हा जोडलं, आणि स्क्रीनवर नोंद जशीच्या तशी उघडली: वराचं सगळं, वधूचं कोरं.

"अरे वा," रजिस्ट्रार म्हणाले. "माझी टायपिंगची चूकसुद्धा तशीच आहे."

"साक्षीदार?" त्यांनी विचारलं.

एक मामा होते. दुसरा, म्हणजे दंतवैद्याचा मित्र, ठरल्याप्रमाणे वेळेवर विवाह नोंदणी कार्यालयात पोचून बसला होता.

"तो होय? भला माणूस," रजिस्ट्रार म्हणाले. "त्यालाच कार्यालयाकडे लक्ष ठेवायला सांगून आलोय."

"मी होते की साक्षीदार," सासूबाई म्हणाल्या.

"वराची आई नको. ती घडलेलं सांगत नाही, मत सांगते."

तेव्हा वायरमननं टेस्टर खिशाला लावला, केसांवरून हात फिरवला आणि पुढं येऊन उभा राहिला.

रजिस्ट्रार एका बोटानं टाइप करत. ते बोट एकेका अक्षरावर घारीसारखं घिरट्या घालून मग झडप घालायचं. वधूचं नाव. वधूच्या वडिलांचं नाव. वधूचा पत्ता. मामा कानाशी "घ्या, सुटली, चला" असं पुटपुटत होते. वायरमनचा फोन वाजला.

"काय रे? चार? अरे नाही, अजून नाही! दोन मिनिटं दे. लग्न आहे इथं… कुणाचं म्हणजे? मशीनचं. नाही, नाही, मशीनवाल्या बाईंचं… साक्षीदार आहे मी! ओढलंस तर तुझ्या वहिनीला सांगेन की मागच्या महिन्यात तू… हां. हां. दोनच मिनिटं."

"वर," रजिस्ट्रार पंख्यांच्या वर आवाज काढत म्हणाले, "आपण या विवाहाला स्वखुशीनं संमती देता का?"

"देतो!"

"ऐकू आलं नाही!"

"देतो!" दंतवैद्य किंचाळला. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाचा आ एवढा मोठा होऊ शकतो, हे त्याच्या आईलाही नवीन होतं.

"वधू, आपण संमती देता का?"

हळूबाईची नजर रजिस्ट्रारच्या स्क्रीनवर होती. "थांबा," ती म्हणाली.

"'थांबा' हे संमतीत बसत नाही, बाई!"

"अगं!" दंतवैद्य पांढरा पडला.

"नाही हो, डॉक्टर, संमती आहेच! साहेब, तुम्ही 'पूर्ण' दाबू नका अजून, जन्मतारखेच्या रकान्यात तुम्ही आजची तारीख घातलीय. आज जन्मलेल्या मुलीचं लग्न ते मशीन मान्य करणार नाही."

रजिस्ट्रारनी हेल्मेट पुढं वाकवून पाहिलं. ते खरं होतं. बोट पुन्हा घिरट्या घालू लागलं. वायरमनच्या फोनमधून "ओढू का?" असा बारीक आवाज येत होता आणि तो फोन छातीशी दाबून "शू… शू…" करत होता, जसं कुणी रडतं मूल गप्प करावं.

"आता?" रजिस्ट्रार म्हणाले.

"आता देते! संमती देते! स्वखुशीनं!"

बोट खाली आलं. स्क्रीनवर उमटलं: नोंद पूर्ण. रजिस्ट्रारनी हात जोडून दोघांनाही सांगितलं की आपण आता पती-पत्नी आहात, आणि ते इतक्या भावुकपणे, की हेल्मेटची काच धुरकटली. मामांनी तोंडानंच शिट्टी मारली. वायरमननं दंतवैद्याला मिठी मारली आणि मग आपली फारशी ओळख नाही हे आठवून हस्तांदोलन केलं.

"दाखला?" सासूबाईंनी हात पुढं केला.

"दाखला सोमवारी," रजिस्ट्रार म्हणाले. "छापायचं यंत्रही याच कपाटावर चालतं ना. तेही गेलं."

"म्हणजे सोमवारपर्यंत यांचं लग्न झालंय की नाही?"

"झालंय तर! अगदी पक्कं. फक्त कुणी शोधलं तर सापडणार नाही."

"आणि सोमवारी हे चालू कोण करणार?"

सगळ्यांनी नवरीकडे पाहिलं. नवरीनं मान खाली घातली. लाजली असं म्हणायला हरकत नव्हती, पण खरं म्हणजे ती यादी बघत होती.

"आई, बघा," ती म्हणाली.

चिकटनं आपण होऊन फायली मिटायला घेतल्या होत्या. एक मिटली. दुसरी मिटली. एक जरा अडली आणि सासूबाईंनी स्टुलावरून अर्धं उठून तिला मनातल्या मनात ढकललं. तीही मिटली. नाव गेलं. यादी कोरी झाली.

"गेला!" सासूबाई ओरडल्या. "गेला बाई, गेला! गुणाचा तो!"

हळूबाईनं यजमानाला शेवटचा शब्द लिहिला. त्यानंही घाई केली नाही. आपले दिवे त्यानं एकेक करून मालवले, काहीतरी शेवटचं लिहून ठेवलं, आणि "मी थांबलो" असं कळवून थांबला. वायरमननं फोन तोंडाशी नेला. "ओढ," तो म्हणाला. कुठूनतरी खालून खट्ट असा आवाज आला आणि खोलीतला उजेड गेला. दाराच्या काचेतून व्हरांड्यातला दिवसाचा प्रकाश तेवढा आत येत राहिला.

आणि पंखे थांबले. हळूहळू, घोंगावत, मग नुसते सुस्कारत, मग अजिबात नाही. दुपारभर जिच्याशी भांडत सगळे बोलत होते ती घरघर एकदम नाहीशी झाली, आणि त्या स्वच्छ शांततेत मामांच्या कानाला लागलेल्या सासूबाईंचा आवाज भिंतींवर आपटत घुमला:

"हट्टी आहे हो मुलगी! पण कुणालाही न सांगता घराबाहेर काढणार नाही! मी म्हातारी झाले, आवरायला वेळ लागला, तरी थांबेल!"

रजिस्ट्रारनी आता कुठं हेल्मेट काढलं. दंतवैद्य छताकडे बघू लागला.

"आई," नवी सून अंधारात हळूच म्हणाली, "मशीन बंद झालंय."

"माहितीये मला!" सासूबाई तेवढ्याच मोठ्यानं ओरडल्या. "म्हणूनच आत्ता बोलले!"